बारा फिरत्या खुर्च्यांचं बिल

आमच्या पेढीत खुर्ची एकच होती आणि तिच्यावर मी बसायचे. आता हा मान होता असं कुणी समजू नये. सांगलीच्या मार्केट यार्डातली ती हळदीची पेढी. तिथे शेठपासून हमालांच्या मुकादमापर्यंत सगळे गादीवर, पोत्यावर, नाहीतर उंबऱ्यावर बसायचे. कॉम्प्युटर आला तेव्हा शेठनी तोही आधी गादीवरच बसवून पाहिला होता म्हणे, तक्क्याला टेकवून. त्याचा पडदा आढ्याकडे बघायला लागला. मग टेबल आलं, टेबलामागे खुर्ची आली आणि खुर्चीत बसायला मी आले.

मी मूळची साताऱ्याची. वडील कोर्टाबाहेर टाईपरायटर घेऊन बसायचे, लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाईप करून द्यायचे. मला टायपिंग त्यांनीच शिकवलं. त्यांचा एकच मंत्र होता, "मजकुरात शिरायचं नाही. शिरलीस की बोटं थांबतात." त्यामुळे माझी बोटं भरधाव आणि डोकं रिकामं, अशी तयारी होऊन मी लग्नानंतर सांगलीला विश्रामबागेत आले. नवरा तिथल्याच एका कॉलेजात तासिकांवर शिकवायचा. म्हणजे तास मिळाले तर पगार, सुट्टी लागली की हरी हरी. मला नोकरी हवी होती, आणि खोटं कशाला बोलू, नुसती पैशासाठी नको होती. सकाळी डबा घेऊन सिटी बसमध्ये चढताना मला स्वतःबद्दल फार बरं वाटायचं.

शेठनी मला दिवाळीच्या पाडव्याला कामावर घेतलं, तेव्हाच सांगून टाकलं होतं. "ताई, एक वर्ष बघू. पुढच्या पाडव्याला ठरवू, टपाल मशीनवर ठेवायचं का परत दिवाणजींच्या हातात द्यायचं." म्हणजे वर्षभराची परीक्षा, आणि परीक्षेत माझ्यासमोर दिवाणजी.

दिवाणजी म्हणजे पेढीचे जुने कारकून. शेठच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. गाव लोणंदकडचं. पांढरा पायजमा, काळी टोपी, आणि चष्मा नाकाच्या इतक्या टोकाला की तो पडेल म्हणून आपलाच जीव वर-खाली व्हावा. त्यांचं अक्षर यार्डात प्रसिद्ध होतं. शेठनी लहानपणी बाराखडी त्याच अक्षरावरून गिरवली होती. मी आल्यावर पहिले आठ दिवस दिवाणजी माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. नवव्या दिवशी बोलले ते असं, "बाई, त्या मशीनला झाकण घाला. हळद बसतीया."

टपालाच्या बाबतीत त्यांचा नियम कडक होता. पेढीत आलेला कागद दिवेलागणीच्या आत फोडायचा म्हणजे फोडायचा. टपाल शिळं ठेवलं की लक्ष्मी रुसते, असं ते म्हणायचे. मी नवी, मला कामसू दिसायचं होतं. मी तो नियम असा काही उचलला की पोस्टमन उंबऱ्यावर असतानाच माझ्या हातात कात्री तयार. ईमेल सुरू झाल्यावर तर विचारूच नका. आलं की उघड, आलं की उघड.

एक गोष्ट मात्र मी बघितली असूनही उचलली नाही. दिवाणजी स्वतः पाकीट फोडायच्या आधी ते तीनदा फिरवून बघत. तिकीट, शिक्का, अक्षर, गोंद. कोपरा फाडलेला असला तर ती मयताची बातमी, ते पत्र उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचायचं. एखाद्या पाकिटाकडे नुसतं बघून ते सांगायचे, "हे त्यांच्या धाकट्यानं लिवलंय, म्हातारा आजारी असणार." आणि म्हातारा आजारीच असायचा. मला हे सगळं म्हातारपणाचे चाळे वाटायचे.

दुसरी एक गोष्ट मी बघितली होती आणि तिच्याबद्दल कुणाला बोलले नव्हते. दिवाणजींचा उजवा हात थरथरायला लागला होता. चहाची बशी ते आता दोन्ही हातांनी धरायचे. माझ्या टेबलाशी येऊन एखादं कच्चं पत्र ठेवायचे, तेही भिंतीकडे बघत, आणि मोठ्यानं म्हणायचे, "हे जरा छापा. तेवढाच तुमाला सराव." शेठना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. आधी आठवड्याला एक पत्र यायचं, मग रोज दोन, मग सगळीच. कच्च्या कागदावरची अक्षरं एकमेकांत घुसलेली असायची. मी लावून छापायचे, ते खाली सही करायचे, सहीसाठी हात टेबलावर दाबून धरायचे. आम्ही दोघांनी त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. सरावच चालला होता ना माझा.

उन्हाळ्यात एकदा ते मला हरिपूरला घेऊन गेले, पेव उघडताना बघायला. हळद साठवायची जमिनीतली खोल खड्ड्याची कोठारं म्हणजे पेवं. वरून दिसतं नुसतं मैदान. मुकादमानं माती ओढली, तोंडावरची फरशी सरकवली आणि तो चक्क बाजूला जाऊन तंबाखू मळत बसला. मी म्हटलं, "अहो, उतरा की. उघडलंय ना?"

"वैनी, उगडलंय म्हून उतरायचं नसतंय," तो म्हणाला. "आत वारं खराब असतंय. उतरला की माणूस तितंच बसतोय, परत वर येत न्हाई."

मग त्यानं दोरीला कंदील बांधून आत सोडला. थोडा खाली गेला न गेला तोच कंदील विझला. वर ओढला, पुन्हा थांबला. असं तीन वेळा झालं. मला घाई. पाच वाजता एक पत्र जायचं होतं. मी घड्याळ बघायला लागले तसा तो हसून म्हणाला, "घाई हाय त्यानं आदी उतरावं." सगळे हमाल हसले. दिवाणजीही हसले. मला राग आला आणि मी टेम्पोत जाऊन बसले. चौथ्या वेळेला कंदील जळत राहिला तेव्हा कुठे माणूस खाली गेला, हे मला टेम्पोच्या काचेतून दिसलं.

साल नव्व्याण्णव. दसऱ्याला पेढीतल्या तराजूबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा झाली. झेंडूची माळ, हळद, कुंकू. दिवाणजींनी वाहिलेलं कुंकू की-बोर्डात सांडलं आणि पुढे आठ दिवस एन्टरचं बटण दाबलं की माझं बोट लाल व्हायचं.

त्या आठ दिवसांतलीच गोष्ट. दुपारी मी फोनची तार मशीनला लावली, कर्कश आवाज झाला, टपाल उतरलं. त्यात मुंबईच्या एका निर्यातदाराचं एक ईमेल. हा माणूस आमच्या नेहमीतला. विषयात इंग्रजीत लिहिलेलं, तातडीचं बिल. आत ओळ एकच, सोबत बिल जोडलं आहे, ताबडतोब उघडा. ताबडतोब म्हटल्यावर मी कसली थांबते! जोडलेल्या कागदावर टिचकी मारली. मशीननं मध्येच एक चौकट पुढे केली, तीही इंग्रजीत. या कागदात काही आज्ञा दडलेल्या आहेत, त्या चालू द्यायच्या का? बिचारं मशीन विचारत होतं हो. पण मजकुरात शिरायचं नाही ही सवय. मी एन्टर दाबलं. बोट लाल झालं.

बिल उघडलं. मी ते छापलं आणि दिवाणजींना नेऊन दिलं.

त्यांनी कागद नाकापासून लांब धरला. "काय लिवलंय ते सांगा मराठीत."

"फिरत्या खुर्च्या. नग बारा."

"कुणासाठी?"

"आपल्या पेढीच्या नावानं नाहीये खरं तर. नुसतंच लिहिलंय, ग्राहक."

दिवाणजींनी चष्म्यावरून आधी माझ्याकडे बघितलं, मग गादीवर, मग पेढीतल्या एकुलत्या एक खुर्चीकडे. "बाई, आपल्याकडं बसायची ढुंगणं किती आणि त्यातली खुर्चीवर बसणारी किती?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "हमाली न्हाई. गाडीभाडं न्हाई. बारा खुर्च्या काय उडत आल्या? आणि त्या गृहस्थानं इतक्या वर्सांत मला कवा 'ताबडतोब' लिवलं न्हाई. तो आदी तब्येत इचारतो, मग पाऊस इचारतो, मग कामाचं. हे पत्र त्याचं न्हाई. लावा फोन त्याला."

तेवढ्यात माझ्या टेबलाकडून तो कर्कश आवाज सुरू झाला. मीच हौसेनं लावून ठेवलं होतं की दर थोड्या वेळानं मशीननं आपला आपण फोन लावून टपाल द्यावं-घ्यावं. दिवाणजी म्हणाले, "आता का वरडतंय ते?" मला खरंच कळेना, कारण पाठवायचं असं मी काहीच लिहिलेलं नव्हतं. जवळ जाऊन बघते तर बाहेर जाणाऱ्या टपालात पत्रांची रांग लागलेली. माझ्या वहीतल्या, म्हणजे मशीनमधल्या वहीतल्या, एकूण एक गिऱ्हाइकांना. वर आमच्या पेढीचं नाव, विषय तोच, तातडीचं बिल. आणि प्रत्येकाला जोडलेल्या बारा खुर्च्या.

मला शहाणपण सुचलं असं नाही. मला फोन लावायला सांगितलं होतं आणि लाईन एकच होती, म्हणून मी मशीनमधली तार उपटली. पत्रं जागच्या जागी थांबली. तोवर नऊ गेली होती.

मुंबईला फोन लागला. तो गृहस्थ म्हणाला, "अरे बापरे, उघडलंत? आमच्याकडे सकाळी असंच आलं होतं. आमच्या पोराटोरांनी उघडलं, आता मशीन बंद ठेवलंय. तुम्ही लोकांना फोन करा आधी."

पाडवा पंधरा-वीस दिवसांवर होता. मी दिवाणजींना म्हटलं, "माझी नोकरी गेली." ते म्हणाले, "रडायचं मागनं. ती नऊ नावं वाचा."

मग दिवाणजी फोनवर बसले. मी नंबर फिरवायचे आणि रिसीव्हर त्यांच्या हातात द्यायचे. ईरोड, निजामाबाद, मुंबईचे दोन, पुणे, असे एकेक. सगळे हळदीतले लोक. मी मनात वाक्यं जुळवत होते की व्हायरस, जोडलेली फाईल, डिलीट करा, हे यांना हिंदीतून समजावणार तरी कसं! दिवाणजींनी त्यातलं काहीच सांगितलं नाही. तब्येत विचारली, पाऊस विचारला, आणि मग म्हणाले, "हमारे नाम से एक चिठ्ठी आयी होगी. उसको खोलना नहीं. समझो बंद पेव है, अंदर हवा खराब है."

पलीकडून दुसरा प्रश्न आला नाही. एकालाही समजावून सांगावं लागलं नाही. पेवात माणूस कसा जातो ते त्या सगळ्यांना ठाऊक होतं. आठ जणांनी ते पत्र तसंच ठेवलं, नाहीतर काढून टाकलं. प्रत्येक फोनला दिवाणजींचा रिसीव्हर धरलेला हात कानाशी थरथरत होता आणि त्या थरथरण्यात घाबरणं किती आणि वय किती, ते मला कळत नव्हतं.

नववा फोन अहमदाबादचा. ते पेढीचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, शेठच्या आजोबांपासूनचं. तिथे आधीच उघडून झालं होतं. तासाभरात शेठना त्यांचाच फोन आला, तुमच्या पेढीनं आमच्याकडे हे काय विष पाठवलं म्हणून. शेठ फोनवर नुसतं "हो, हो" म्हणत होते.

आमचे शेठ ओरडणाऱ्यातले नव्हते. ते गप्प व्हायचे, टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे. ओरडले असते तर बरं असं वाटावं इतके गप्प. विश्रामबागेतून मशीन दुरुस्त करणारा आला, त्यानं फ्लॉप्या घालघालून संध्याकाळपर्यंत ते साफ केलं, तो गेला, तेव्हा शेठ बोलले. "ताई, तुमचा दोष नाही. या मशीनचाच गुण. पाडव्यापासून टपाल दिवाणजी हातानं लिहितील. पूर्वीसारखं."

दोष नाही म्हणून काढून टाकणं हे फार वाईट असतं. भांडायला जागाच राहत नाही. मी दिवाणजींकडे बघितलं. त्यांना नुसतं गप्प बसायचं होतं. वर्षभर माझ्यामुळे ज्यांच्या हातातलं काम गेलं होतं, त्यांना ते मानासकट परत मिळत होतं. आणि ते गप्पच बसले. मी डबा पिशवीत टाकला आणि निघाले. बसमध्ये मी त्यांना मनातल्या मनात इतकं बोलले की आज आठवलं तरी लाज वाटते. हात कापतोय म्हाताऱ्याचा, वर्षभर झाकलं मी, आणि साधं एक वाक्य नाही तोंडातून!

दुसऱ्या दिवशी मी आले तर दिवाणजी माझ्या टेबलाशी उभे. म्हणाले, "पाडव्याला येळ हाय अजून. आज टपाल उतरलं की उघडायचं न्हाई. नुसतं वरचं छापून द्या."

"वरचं म्हणजे?"

"पाकीट हो. कुणी लिवलं, कुणाला लिवलं, कवा लिवलं, काय म्हून लिवलं. आतलं मला नको."

तसं मी रोज करायला लागले. ते कागद घेऊन ते गादीवर बसायचे आणि खरोखर हातात फिरवायचे, पाकीट असल्यासारखे. सुरुवातीला मला हसू यायचं. मग मीही खाली शेजारी बसायला लागले आणि मला दिसायला लागलं. हा माणूस नेहमी आपलं नाव सगळं मोठ्या लिपीत लिहितो, आज लहान का? यानं आमचं नाव न घेता पत्र कसं लिहिलं? बाजार बंद असतो त्या अमावास्येला यानं माल कसा विकला? न मागितलेल्या मालाचं बिल कोण पाठवतं? आणि घाई कुणाला आहे, लिहिणाऱ्याला की वाचणाऱ्याला? हे शेवटचं दिवाणजी दर वेळेला विचारायचे. "बिल देणारा कवा घाई करत न्हाई, बाई. पैशे मागणारा सुदीक आदी गोड बोलतो. उघडायचीच घाई ज्याला हाय, त्याच्या पोटात पाप हाय."

बोटांच्या आधी डोळे, हे मला पंचविसाव्या वर्षी एका कापऱ्या हाताच्या माणसानं शिकवलं. साताऱ्याच्या कोर्टाबाहेर जे शिकले ते सगळं त्यानं उलटं केलं.

दिवाळीच्या चार दिवस आधी ईरोडहून एक ईमेल आलं. बिल जोडलं आहे, कृपया लगेच पाहावं. व्यापारी ओळखीचा, पत्ता त्याचाच. मी वरचं छापलं आणि दिवाणजींच्या पुढे धरायच्या आधीच म्हणाले, "हे त्यांचं नाही. ते काहीही पाठवायच्या आदल्या दिवशी फोन करतात. आणि आपण त्यांना माल विकतो, ते आपल्याला कसलं बिल पाठवतील?" फोन केला. त्यांच्या मशीनला तीच बाधा झालेली, दुसऱ्याच कुणाच्या पत्रातून. मी नाचायचीच बाकी होते. म्हटलं, "आत्ता शेठना सांगते."

"न्हाई," दिवाणजी म्हणाले. "हा कागद माझ्याकडं द्या. पाडव्याला."

पाडव्याच्या सकाळी पेढीत पूजा झाली. आमच्याकडे त्या दिवशी वर्षाचं पहिलं पत्र लिहायची पद्धत होती, सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाला, म्हणजे अहमदाबादला. कोपऱ्याला हळद लावलेला कागद, आणि अक्षर दिवाणजींचं. आदल्या वर्षापर्यंत ते त्यांनी कसंबसं निभावलं होतं. शेठनी पेन त्यांच्यापुढे केलं. "घ्या दिवाणजी. झालं गेलं विसरा म्हणावं. आता सगळं हातानं."

मी खुर्चीतून उठून भिंतीशी उभी होते. माझा तो शेवटचा दिवस होता. मला वाटलं, आता हे म्हणतील, बाईंना सराव होऊ दे. आधी घसा खाकरतील, चष्मा शोधतील, काहीतरी निमित्त काढतील.

दिवाणजींनी पेन घेतलं, मांडीवर फळी ठेवली आणि सगळ्यांच्या समोर लिहायला लागले. हात दाबून धरला नाही, झाकला नाही. वरचा श्रीच वाकडा आला. पुढची ओळ कागदभर हेलपाटत गेली. मुकादम पेढा तोंडाजवळ नेता नेता थांबला. दोन ओळी झाल्यावर दिवाणजींनी कागद शेठपुढे सरकवला.

शेठनी तो उचलून उजेडाकडे धरला. "कधीपासून?"

"वरीस झालं."

"मग पत्रं?"

"बाईंनी छापली. सगळी. म्हाईत असून बोलल्या न्हाईत कुणाला."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर त्यांना सराव कसा झाला असता?" असं म्हणून दिवाणजींनी कोटाच्या खिशातून ईरोडचा कागद काढला. "हे बगा. दुसरं आलं हुतं. न उघडता वळखलं, बाईंनीच, मी न्हाई. शेठ, माझा हात गेला. त्यांचा हाय. मला अजून पाकीट फिरवून बगता येतंय. तुमाला आमच्यातला एकच ठेवायचा असंल तर बाईंना ठेवा, मी लोणंदला जातो. पण माझं ऐकाल तर दोगं मिळून एक माणूस हुतोय."

मी तिथेच रडले. सगळ्यांसमोर, नव्या साडीत. बसमध्ये या माणसाला काय काय बोलले होते ते सगळं आठवलं. शेठनी तो वाकड्या अक्षराचा कागद घडी करून आपल्या खिशात ठेवला, टोपी डोक्यावर घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, अहमदाबादचं पत्र छापायला घ्या. मजकूर सांगतो."

भाऊबीजेला मी साताऱ्याला गेले तेव्हा वडिलांना सगळं सांगितलं, जरा ठसक्यातच, की तुमचा मंत्र मला केवढ्यात पडला असता. ते म्हणाले, "मजकुरात शिरू नकोस म्हटलं होतं. पाकिटावर काय लिहिलंय ते बघू नकोस असं कुठे म्हटलं होतं?" वकिलांच्या शेजारी जन्म काढलेला माणूस, त्याच्याशी कोण वाद घालणार!

दिवाळी संपून पेढीत परत आले तर माझ्या खुर्चीला लागून दुसरी खुर्ची. लाकडी, साधी, चार पायांची. तिच्यावर दिवाणजी मांडी घालून बसलेले, कारण पाय खाली सोडून बसणं त्यांना या जन्मात जमणार नव्हतं.

"फिरती नाही आणली?" मी विचारलं.

"फिरायला तुमचं मशीन हाय की. एकानं तरी जागेवर बसावं." मग त्यांनी खिशातून एक पाकीट काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "हिचं बिल. मी माझ्या पैशानं आणलीया, पर तुमी तपासा."

पाकीट त्यांच्या हातात थरथरत होतं आणि आता ते दुसऱ्या हातानं ते धरत नव्हते. मी ते घेतलं. कात्री जवळच होती, तिला हात लावला नाही. पाकीट उलटं केलं, सुलटं केलं, दुकानाचा शिक्का बघितला, गोंद बघितला. चष्म्यावरून ते माझ्याकडे बघत होते. तिसऱ्यांदा फिरवलं तेव्हा म्हणाले,

"हां. आता फोडा."